मागाहूनचं सुख

पुणे-पिंपरीतल्या पुष्कळ लोकांनी ओकायामा बघितलेलं असतं, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आठवा. शाळेची सहल, कॉलेजातली पहिली भेट, लग्नाआधीचं फोटोशूट, गावाकडून आलेल्या आत्याला कुठंतरी न्यायचं म्हणून मारलेली चक्कर. कशाच्या तरी निमित्तानं तिथं जाणं झालेलं असतंच. हिरवळीवर पाय पडला की लांबून शिट्टी वाजते, हेही आठवत असेल. या बागेचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. दहा एकरांची ही बाग २००६ मध्ये खुली झाली. ती बेतलीय जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेवर, आणि ती मूळ बाग तीनशे वर्षांपूर्वीची आहे. ज्यांचं नाव आपल्या बागेला दिलं, त्या पुलंनी 'पूर्वरंग'मध्ये जपानच्या प्रवासाबद्दल लिहिलंय. त्यामुळे नावही बरोबर जागी बसलंय.

ओकायामा हे ओकायामा प्रांताच्या राजधानीचं शहर. वस्ती सात लाखांच्या आसपास, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या निम्मीसुद्धा नाही. ओसाकाहून हिरोशिमाला जाणारी शिंकान्सेन मध्ये तिथं थांबते आणि बहुतेक पर्यटक खिडकीतून बघून पुढं जातात. मी तिथं तीन आठवडे राहिले, कारण कंपनीनं पाठवलं होतं. पण ओकायामाशी माझी ओळख त्याच्या आधीची. ती झाली चाकणमध्ये, एका कॅलेंडरवरून आणि एका शब्दावरून.

*

मी चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. गाव तिथलंच, भामा नदीच्या अंगाचं. बारावीनंतर जपानी शिकायचं ठरवलं, तेव्हा चाकणहून भोसरी, भोसरीहून मनपा, तिथून फर्ग्युसन रस्ता असा प्रवास करून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये यायचे. आमच्या भागात जपानी कंपन्या आल्या होत्या आणि 'जपानी येणाऱ्याला लगेच नोकरी लागते' असं सगळे म्हणत होते. ते बऱ्यापैकी खरं निघालं.

दुभाष्याचं काम लांबून वाटतं तसं झकपक नसतं. दिवसाचा बराच वेळ मशिनच्या आवाजात ओरडण्यात जातो. 'हा बोल्ट सैल का आहे' हे मराठीतून जपानीत आणि 'सैल आहे हे तुम्हाला कधी कळलं' हे जपानीतून मराठीत. लाइनवरच्या बीडच्या, नांदेडच्या, बिहारच्या पोरांना काही जपानी शब्द माझ्याआधीपासून पाठ असतात. कायझेन म्हणजे सुधारणा, मुदा म्हणजे वाया गेलेलं, पोका-योके म्हणजे चूक होऊच नये अशी सोय, गेम्बा म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं ती जागा. टपरीवर चहा सांडला की 'काय मुदा करतो रे' असं म्हणणारी पोरं मी ऐकलीयत. जपानी माणसांना मात्र त्यांच्या नावानं कुणी ओळखत नाही. नावापुढं लावायचा 'सान' हाच नाव होऊन बसलाय. 'सान आले का?' 'सान आज भडकलेत.'

आमचे सान साठीकडं झुकलेले, टूल रूमचे जाणकार, ओकायामाच्या बाजूचे. त्यांच्या टेबलामागं एक कॅलेंडर असायचं. मोठी हिरवळ, तळं, आणि मागं झाडांवर डोकावणारा काळा किल्ला. वर चित्रलिपीत तीन अक्षरं: को, राकु, एन. 'को' म्हणजे नंतर, 'राकु' म्हणजे सुख, 'एन' म्हणजे बाग. मागाहून येणाऱ्या सुखाची बाग.

एकदा ट्रेनी पोरांची मीटिंग होती. दीडदोन वर्षं झाली, आम्ही कायम कधी होणार, असं एकानं विचारलं. आमच्या एका मराठी साहेबांनी कॅलेंडरकडं बोट दाखवलं. म्हणाले, "ते बघा, जपानी लोकांनी बागेलाच नाव दिलंय. आधी कष्ट करा, मग सुख भोगा. म्हणून तो देश पुढं गेला." पोरं गप्प बसली. मी ते वाक्य जपानीत सानना सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली नाही. मीटिंग संपल्यावर जिन्यात मला म्हणाले, "तो शब्द कामगारांसाठी नाहीये. ओकायामाला गेलात की बघा."

*

गेले तेव्हा पहिल्याच रविवारी बघितलं. स्टेशनबाहेर मोमोतारोचा पुतळा आहे, त्याच्यासमोरून ट्राम सुटते. ही ट्राम १९१२ पासून चालू आहे. रस्त्याचं नावही मोमोतारो रस्ताच. ट्राम किल्ल्याजवळ सोडते आणि मग आसाही नदी लागते. किल्ला अलीकडच्या काठावर, बाग पलीकडं, मध्ये पूल.

किल्ला काळ्या फळ्यांचा, म्हणून त्याला 'उजो' म्हणजे कावळ्याचा किल्ला म्हणतात. उकिता हिदेइए या सरदारानं तो १५९७ मध्ये पुरा केला. किल्ल्याला नैसर्गिक खंदक हवा म्हणून नदी वळवून तटाला खेटून आणली. किल्ला त्यामुळे भक्कम झाला, पण वळवलेल्या नदीनं शहराला सोडलं नाही. ती पुन्हा पुन्हा गावात शिरायची. १६५४ मध्ये तर असा पूर आला की किल्ल्याखालचं गाव उद्ध्वस्त झालं. राजाच्या संरक्षणासाठी वळवलेल्या नदीची किंमत रयतेनं मोजली.

साल ध्यानात राहावं म्हणून आपल्या बाजूनं सांगते. या पुरानंतर सहा वर्षांनी, १६६० मध्ये, शाहिस्तेखानानं चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट जवळपास दोन महिने झुंजवला. म्हणजे आपल्याकडं शिवकाल चालू होता तेव्हा ओकायामात इकेदा घराण्याचं राज्य होतं. इकेदा मित्सुमासा हा विद्येची आवड असलेला, काटकसरी सरदार. त्यानं १६७० मध्ये शिझुतानी इथं साध्या लोकांच्या मुलांसाठी शाळा काढली. शेतकऱ्याचा पोरगा वहीपेन्सिल धरील असं फारसं कुठं कुणाच्या मनात नव्हतं, त्या काळची ही गोष्ट.

त्याच्या आणि त्याच्या मुलाच्या पदरी त्सुदा नागातादा नावाचा एक कारभारी होता. मला ओकायामातला सगळ्यात आवडलेला माणूस हा. शाळेचं बांधकाम यानं बघितलं. खाडी हटवून शेतजमीन तयार केली, तीही यानंच. आणि पुराचा बंदोबस्त म्हणून यानं नदीला दुसरी वाट काढून दिली. तिचं नाव ह्याक्केनगावा. 'केन' हे मोजमाप, 'ह्याक्केन' म्हणजे शंभर केन, सुमारे एकशे ऐंशी मीटर. तेवढ्या रुंदीचा हा प्रवाह. एरवी तिकडं मुख्य नदीचं पाणी जात नाही. नदीची पातळी ठरावीक उंचीच्या वर गेली की काठावरचा मुद्दाम ठेंगणा ठेवलेला बांध ओलांडून जादा पाणी तिकडं वळतं आणि शहराला वळसा घालून समुद्राला मिळतं. यात दरवाजा नाही, उघडायचा हुकूम नाही. पाणी आपलं आपण ओळखतं. आमच्या भाषेत सांगायचं तर पोका-योके.

हे सगळं मार्गी लागल्यावर, १६८७ मध्ये, मित्सुमासाचा मुलगा त्सुनामासा यानं त्याच त्सुदाला सांगितलं, आता बाग कर. बाग पुरी व्हायला १७०० साल उजाडलं. त्याच वर्षी आपल्या सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं. आज त्या बागेची धाकटी बहीण सिंहगड रस्त्यावर आहे, हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही.

पुराच्या त्या वाटेचं काम अजून चालतं. जुलै २०१८ मध्ये पश्चिम जपानात प्रचंड पाऊस झाला. शेजारच्या कुराशिकी शहरातल्या माबी भागात नदीचे बांध फुटले आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. ओकायामात आसाहीचं जादा पाणी ह्याक्केनगावाकडं वळलं. मधल्या काळात तिची डागडुजी, रुंदीकरण, नवे बांध सगळं झालंय, पण वाट तीच आहे.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं आपल्या नद्या येत होत्या. १९६१ चं पानशेत आपण आजीआजोबांकडून ऐकलं. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्याच एकतानगरीत लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले. आपण मैत्री म्हणून ओकायामाची बाग आणली. बागेच्या आधीचं काम मात्र तिकडंच राहिलं.

*

कोराकुएनमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा आश्चर्य वाटतं ते मोकळेपणाचं. जपानी बाग म्हटल्यावर आपल्याला दगड, शेवाळ, वाकडं पाइन आठवतं. इथं हिरवळच हिरवळ. बाग तेहतीसेक एकरांची आहे. मधून वळणं घेत ओढा जातो. र्युतेन नावाचं एक लाकडी विश्रामघर आहे, त्याच्या तळमजल्यातून पाणीच वाहतं आणि पाण्यात रंगीत दगड ठेवलेत. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर बसायचं आणि नुसतं पाणी बघायचं. मागं नदीपलीकडचा किल्ला आणि लांबचा डोंगर बागेतलेच असल्यासारखे दिसतात. जपानीत याला 'उसना देखावा' म्हणतात.

पण मी थबकले ती भाताच्या खाचरापाशी. राजाच्या बागेत, हिरवळ संपते तिथं, चौकोनी बांध घातलेलं खरंखुरं भात. शेजारी चहाची झुडपं. तिथल्या पाटीवर लिहिलं होतं की ही आखणी प्राचीन चीनमधल्या करपद्धतीची आहे. जमिनीचे नऊ चौकोन पाडायचे. आठ कुटुंबांनी आपापला चौकोन कसायचा आणि मधला नववा सगळ्यांनी मिळून राज्यासाठी पिकवायचा. सरकारचा वाटा किती, हे डोळ्यांना दिसेल असं शेतातच आखून ठेवलेलं. अजूनही दर जूनमध्ये तिथं गाणी म्हणत लावणी होते.

मी फोटो काढून आप्पांना पाठवला. आप्पा माझे वडील. थोड्या वेळानं त्यांचा व्हॉइस मेसेज आला, "शोभेचं असलं तरी लावणी खरी करावी लागत असंल ना गं? वाकल्याबिगर भात लागत न्हाई."

बागेचं नाव कुठून आलं हेही तिथंच समजलं. आधी तिला नुसतंच किल्ल्यामागची बाग म्हणायचे. 'कोराकुएन' हे नाव पडलं १८७१ मध्ये. त्यातला 'कोराकु' घेतलाय अकराव्या शतकातल्या फान चुंगयेन या चिनी अधिकाऱ्याच्या लेखातून. त्याच्या म्हणण्याचं सार असं, की ज्याच्या हाती राज्य आहे त्यानं लोकांच्या आधी लोकांची काळजी करावी आणि लोकांचं सुख झाल्यावर मग स्वतःचं बघावं.

मी पाटी दोनदा वाचली. सान जिन्यात काय म्हणाले ते मग कळलं.

जपानीत कर्ता गाळला तरी चालतं. 'मागाहून सुख' एवढंच म्हटलं की कुणाचं सुख आणि कुणाच्या मागाहून, ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. मराठीतही आपण कर्ता गाळतो, पण मराठी क्रियापद चुगली करतं. 'मागाहून भोगू' म्हटलं तर बोलणारा स्वतःबद्दल बोलतोय. 'मागाहून भोगा' म्हटलं तर दुसऱ्याला थांबायला सांगतोय. जपानीतून मराठीत येताना दुभाष्याला 'भोगू' की 'भोगा' हे ठरवावंच लागतं, सुटका नसते. आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये 'भोगा' म्हटलं होतं. मूळ वाक्य 'भोगू' होतं. आणि ते म्हणायचा हक्क फक्त खुर्चीवर बसलेल्याला होता.

*

इथंच थांबले असते तर एका भल्या राजाची गोष्ट झाली असती. पण ओकायामाच्या लोकांनी राजाच्या शहाणपणाला जे उत्तर दिलं, ते मला एका रविवारी ताटात मिळालं.

पदार्थाचं नाव बाराझुशी. सणासमारंभाला करतात. आंबूस भातावर मासे, कोळंबी, अंड्याच्या पट्ट्या, कमळाचे कंद, शेंगा, रंगच रंग. याची एक दंतकथा तिथं सगळे सांगतात. काटकसरी मित्सुमासानं फर्मान काढलं होतं, जेवणात एक रस्सा आणि एकच तोंडीलावणं. लोकांनी काय केलं? सगळे मासे आणि भाज्या भातात मिसळल्या. आता तोंडीलावणं राहिलंच कुठं, सगळा भातच. दुसऱ्या एका तऱ्हेत तर डब्याच्या तळाशी सगळं चांगलंचुंगलं रचायचं, वर पांढरा भात दाबायचा आणि जेवायच्या वेळी डबा ताटात उपडा करायचा. वरून बघणाऱ्याला काटकसर, खाणाऱ्याला मेजवानी.

मला हे वाचून आमच्या भागातल्या खोल्या आठवल्या. दहा बाय दहाच्या खोलीत चार पोरं, दोन फर्स्ट शिफ्टला, दोन थर्डला. गादी एक, कधी गार न पडणारी. गावाकडं पैसे पाठवायचे, मोटरसायकलचा हप्ता भरायचा, आणि तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी चुलीवरचं मटण, वर स्पीकर. कुणी म्हणतं, या पोरांना बचतीची अक्कल नाही. मला ते भाताखालचं कालवण वाटतं. वरून ज्याला कायम 'थांबा' सांगितलं जातं, तो आपलं थोडं सुख कुठंतरी तळाशी दाबून ठेवतोच.

*

मोमोतारोबद्दल सांगायचं राहिलं. नदीतून वाहत आलेल्या भल्यामोठ्या पीचमधून एक मुलगा निघतो, मोठा झाल्यावर कुत्रा, माकड आणि फेझंट पक्ष्याला घेऊन राक्षसांच्या बेटावर जातो, त्यांना हरवून धन घेऊन येतो. सोबत्यांना तो देतो ते किबी-दांगो, म्हणजे छोटे मऊ लाडू, आजही स्टेशनवर डब्यांतून मिळतात. जपानमधल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट माहीत असते. ओकायामावाले म्हणतात, ही आमची.

तिच्या मुळाशी तिथली एक जुनी दंतकथा सांगतात. उरा नावाचा राक्षस डोंगरावरच्या किल्ल्यात राहायचा. राजदरबारानं पाठवलेल्या किबित्सुहिकोनं त्याला मारलं. पण त्याचं कापलेलं डोकं ओरडायचं थांबेना, म्हणून ते किबित्सु देवळात चुलीखाली पुरलं. आजही तिथं कढईत तांदूळ वाफवतात आणि कढई जी घुमते, त्या आवाजावरून कौल घेतात. हे देऊळ मी बघितलं. त्याची आत्ताची मुख्य इमारत १४२५ सालची आहे. डोंगरउतारावरून जाणारा लांबलचक लाकडी ओवरीसारखा रस्ता, आणि चुलीच्या खोलीत काजळीनं काळ्या झालेल्या भिंती.

पण उरा कोण होता? कथेच्या एका तऱ्हेत तो समुद्रापलीकडून, कोरियाकडून आलेला राजपुत्र आहे. काही जण मानतात की लोखंड गाळायची विद्या त्यानं या भागात आणली. म्हणजे बाहेरून आलेला, हाताला काम माहीत असलेला माणूस, आणि जिंकणाऱ्यांनी त्याला राक्षस ठरवलं. ओकायामानं यावर शोधलेला मार्ग मला भारी वाटला. १९९४ पासून तिथं ऑगस्टमध्ये 'उराजा' नावाचा उत्सव होतो. हजारो लोक तोंडं रंगवून, उराच्या बाजूनं, रस्त्यावर नाचतात. मोमोतारोच्या रस्त्यावर राक्षसाचा नाच.

चाकणला तळेगाव चौकात संध्याकाळी उभं राहिलं की बाहेरून आलेली हजारो माणसं दिसतात. त्यांच्याबद्दल आमच्या गावात काय बोललं जातं ते मला माहीत आहे. आमच्याबद्दल त्यांच्या खोलीत काय बोललं जातं तेही माहीत आहे. दोन्हीकडं समोरचाच राक्षस असतो.

*

कॅलेंडरवरचा काळा किल्ला खरा नाही, म्हणजे मूळचा नाही. २९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकी विमानांनी ओकायामावर आगीचे बॉम्ब टाकले. सतराशेहून अधिक माणसं मेली, किल्ल्याचा मुख्य मनोरा जळून गेला. चंद्र बघायचा बुरूज मात्र वाचला. आत्ताचा मनोरा १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये उभारलेला आहे. बागही होरपळली. जुन्या चित्रांवरून आणि आराखड्यांवरून ती पुन्हा लावली. बागेतले करकोचे युद्धाच्या काळात संपले होते. १९५६ मध्ये दोन करकोचे भेट म्हणून पाठवले ते चीनच्या कुओ मोरुओ या लेखकानं. तो तरुणपणी ओकायामात शिकला होता. ज्या देशावर जपाननं इतकी वर्षं युद्ध लादलं, त्या देशातून आलेले पक्षी.

आमच्या संग्रामदुर्गाचं काय झालं, हे मला सानना दाखवायचं होतं. एका शनिवारी मी त्यांना नेलं. थोडी तटबंदी, खंदकाची खूण, बाकी वस्ती. सान बराच वेळ एका दगडावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "आमचा नवा आहे, तुमचा मोडका आहे. पण खरा तुमचा."

त्याच दिवशी परत येताना त्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं. ओकायामापासून जवळ, कुराशिकीत मिझुशिमा नावाचा औद्योगिक पट्टा आहे. युद्धानंतर तिथं समुद्र बुजवून पोलाद, तेल, वाहनांचे कारखाने आले. त्या भागात इगुसा नावाचं गवत पिकायचं. तातामी चटया त्याच्याच विणतात. सानच्या वडिलांची इगुसाची शेती होती. साठच्या दशकात गवताचे शेंडे करपायला लागले. मग माणसं खोकायला लागली. सगळ्यांना सांगितलं गेलं, थोडं सोसा, पोराबाळांचं भलं होईल. भलं झालंही. सानना त्याच पट्ट्यात नोकरी लागली. पण रुग्णांनी १९८३ मध्ये कंपन्यांवर दावा लावला, आणि तडजोड व्हायला १९९६ साल उजाडलं. "वडील निकालाच्या आधीच गेले," सान म्हणाले. "म्हणून मी ते कॅलेंडर लावतो. बाग आवडते म्हणून नव्हे. शब्द विसरू नये म्हणून."

मी हे सगळं आप्पांना सांगितलं. आमची साडेतीन एकर जमीन होती, कांदा-बटाट्याची. ती कारखान्यांसाठी गेली तेव्हा मी सातवीत होते. पैसे मिळाले. घर झालं, आत्याचं लग्न झालं, मागं भाड्याच्या सहा खोल्या निघाल्या. त्या भाड्यातूनच माझी रानडेची फी गेली, हे मी कसं विसरू? त्याच वेळी गावात असंही सांगितलं होतं की घरटी एकाला नोकरी. माझा भाऊ आयटीआय करून एका कारखान्यात कंत्राटदाराकडं लागला. सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसरं कार्ड, पुन्हा सात महिने. सहा वर्षं झाली. तो त्याच मशिनवर आहे. नवीन पोरांना शिकवतो. कायम झालेली काही पोरं त्याच्याच हाताखाली शिकलीत.

आप्पांनी इगुसाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "त्यांच्या नऊ तुकड्यांतला मधला तुकडा राज्याचा, म्हणलीस ना? आन् आठ कसणाराचे?"

"हो."

"आपला सगळाच मधला निघाला," आप्पा म्हणाले, आणि खोल्यांची मोटर चालू करायला उठले.

*

सान यंदा परत गेले. जाताना कॅलेंडर मला दिलं, ते मी ट्रेनिंग रूममध्ये लावलंय. नव्या बॅचला फाइव्ह एस आणि कायझेन समजावताना कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, ही बाग कुठली? मी सांगते, ओकायामाची. हिच्यासारखी पुण्यात आहे, जाऊन या. नावाचा अर्थ विचारला तर फळ्यावर पूर्ण वाक्य लिहिते, कर्त्यासकट: 'ज्यांच्या हातात कारभार आहे, त्यांनी लोकांचं सुख झाल्यावर आपलं सुख बघावं.' आमचे साहेब एकदा मागं उभे राहून वाचत होते. काही बोलले नाहीत. पुढच्या मीटिंगमध्ये कायम करण्याचा प्रश्न पुन्हा आला, तेव्हा त्यांनी कॅलेंडरकडं बोट दाखवलं नाही. 'वर विचारतो' म्हणाले. अजून उत्तर आलेलं नाही. पोरं दर सोमवारी विचारतात, आणि मी दर सोमवारी ते जपानीत करून वर पाठवते.